पान एक्केचाळीस ते सेहेचाळीस

"लेख चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "थोडा पसरट आहे, पण प्रामाणिक आहे."

शांतीभाऊंनी मान डोलावली. "प्रामाणिक तर आहेच. भाषा पण साधी. उगीच अलंकार नाहीत."

मी पोह्यांतला शेंगदाणा शोधत बसले. तो लेख दोघांनीही वाचलेला नव्हता. हे मी अंदाजाने सांगत नाही. त्या लेखाची सहाच्या सहा पानं, एक्केचाळीस ते सेहेचाळीस, त्या घटकेला माझ्या घरी तांदळाच्या डब्याखाली होती. मीच ती दाढीच्या ब्लेडने कापली होती.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली, बार्शीतली. 'पाणपोई' नावाचं एक मासिक तेव्हा निघायचं. आम्ही चौघं मिळून त्याचा एकच अंक घ्यायचो. चार अंक परवडत नव्हते असं नाही. पण प्रत्येकाने आपापला अंक घेतला असता तर एकमेकांकडे जायला निमित्त उरलं नसतं. अंक आधी माझ्याकडे यायचा. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, आणि पोस्ट भिंतीला लागूनच होतं. माझ्याकडून तो दातांचे डॉक्टर नगरकर यांच्याकडे जायचा, तिथून कापडवाले शांतीलाल बलदोटा यांच्याकडे आणि शेवटी खळदकर सरांकडे. प्रत्येकाला पाच-सहा दिवस. वाचून झालं की अनुक्रमणिकेत लेखाच्या नावापुढे आपल्या पेन्सिलीने खूण करायची, असा नियम होता. एक टिक म्हणजे आवडला, दोन टिका म्हणजे पुन्हा वाचावा असा, फुली म्हणजे फुली. माझी पेन्सिल लाल, डॉक्टरांची निळी, शांतीभाऊंची साधी शिसपेन्सिल आणि सरांची हिरवी. आठ वर्षांत सरांनी कशालाही दोन टिका दिल्या नव्हत्या.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी शांतीभाऊंच्या दुकानाच्या माडीवर आम्ही बसायचो. दुकान अकराला उघडायचं, तोवर गादीवर साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून चर्चा. खालून कमलभाभी पोहे पाठवायच्या आणि आम्हाला 'अंकवाले' म्हणायच्या. शांतीभाऊ अंक उघडायचे तो मागून. आधी वाचकांचा पत्रव्यवहार वाचायचे, तोही मोठ्याने, आणि डॉक्टर त्या पत्रलेखकांशी तिथल्या तिथे भांडायचे. सगळा लेख वाचण्यापेक्षा त्यावर भांडणारी पत्रं वाचलेली बरी, असं शांतीभाऊ उघड म्हणायचे. त्या महिन्यात लग्नसराई होती. शांतीभाऊंना शालू-पैठण्यांतून मान वर करायला फुरसत नव्हती आणि डॉक्टरांच्या घरी रंगकाम निघालं होतं. तरीही दोघांच्या खुणा अनुक्रमणिकेत झोकात उमटल्या होत्या. 'न विचारलेला प्रश्न', लेखिका रोहिणी बर्वे, पान एक्केचाळीस. निळी टिक एक, शिसपेन्सिलीची टिक एक. लालही एक होतीच. मी नसती लावली तर संशय आला असता.

हिरवी मात्र नव्हती.

खळदकर सर आमच्या शाळेचे हेडमास्तर होते, आणि गावात त्यांची एक गोष्ट सांगितली जायची. डॉक्टर नगरहून आलेले, शांतीभाऊ परांड्याहून. दोघांनीही येऊन महिना व्हायच्या आत ती ऐकली होती. सरांनी वार्षिक परीक्षेत स्वतःच्या मुलीला कॉपीत पकडलं आणि त्या वर्षी नापास केलं. कुठलाही सत्कार असो, निरोपसमारंभ असो, ही गोष्ट सांगितल्याशिवाय हार गळ्यात पडत नसे. वक्ते ती सांगताना आवाज खाली आणायचे. मुलीचं नाव कुणी घेत नसे, तिचं काम एवढंच, पकडलं जाणं. पुढच्याच वर्षी ती मामाकडे पुण्याला गेली आणि परत बार्शीत राहायला आली नाही. रोहिणी तिचं नाव. लग्नानंतर बर्वे झाली हे मला माहीत होतं.

म्हणून तीन तारखेला पोस्टातून अंक घेतला आणि अनुक्रमणिका चाळली तेव्हा मी एक्स्चेंजमध्ये स्टुलावर बसून तो लेख आधी वाचला. वाचताना तीन कॉल तुटले, एक कुर्डुवाडीचा माणूस शिव्या देत राहिला. लेखात गावाचं नाव नव्हतं. पण वडील होते, वर्ग होता, उत्तरपत्रिकेखाली सापडलेली चिठ्ठी होती. 'ती चिठ्ठी माझी नव्हती,' असं तिने लिहिलं होतं. 'कुणाची होती ते मला ठाऊक होतं. आजही आहे. मी वाट बघत होते की वडील विचारतील. संध्याकाळी विचारतील, रविवारी विचारतील. त्यांनी कधीच विचारलं नाही.' बस्स, एवढाच लेख. आदळआपट नाही, रडणं नाही. म्हणूनच तो वाचून कुणालाही वाटलं असतं की हा हेडमास्तर इतकी वर्षं भलतेच हार घालून घेत होता.

अंक आलाच नाही असं सांगता आलं असतं. पण त्याच दुपारी डॉक्टरांचा फोन आला, "आला का हो अंक?" आणि माझ्या शेजारच्या मुलीने "आला आला, ताई वाचतायत" असं सांगून टाकलं. तेव्हा मग ब्लेड. मागच्या वर्षी एका अंकात सोळा पानं दोनदा शिवलेली आली होती, तर या वेळी सहा कमी आली असं म्हणता येईल, असा माझा हिशेब. सेहेचाळीस पानाच्या तळाशी कुण्या कवीची चार ओळींची कविता होती, तीही त्यात गेली. त्या कवीचे आभार. त्याच्याबद्दल कुणीही चौकशी केली नाही.

मी पानं कापत होते तेव्हा आमचे हे बाजारसमितीतून आले. "काय कापतेस?"

"पाककृती."

"त्या मासिकात पाककृती कधीपासून?" असं म्हणत ते हातपाय धुवायला गेले.

सरांसाठी केलं, असं मी मनाशी म्हणत होते. म्हातारा माणूस, चौऱ्याहत्तरीचा, एकटा राहतो. या वयात त्याची पुण्याई कशाला कुणी उसवावी?

तर त्या रविवारी माडीवर अंक सरांजवळ होता. गादीवर, त्यांच्या मांडीशी. त्यांच्याकडे तो शेवटी जात असल्याने पानं नाहीत हे त्यांनी पाहिलं असणारच. मी ते बोलायची वाट बघत होते. 'छापखान्याची चूक' हे शब्द मी तोंडाशी तयार ठेवले होते. पण सर तसं काहीच बोलले नाहीत. बाकीचे लेख झाल्यावर त्यांनीच विचारलं, "आणि तो 'न विचारलेला प्रश्न'? तो कसा वाटला?"

मग डॉक्टरांचं पसरट आणि प्रामाणिक झालं, शांतीभाऊंचे अलंकार झाले.

"शेवट?" सरांनी विचारलं.

"शेवट..." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "शेवट अपेक्षितच होता."

"पण मनाला लागतो," शांतीभाऊ म्हणाले.

"हां, लागतो. ते मान्य."

एखाद्या शिक्षकाने आळीपाळीने मुलांना उभं करावं तसं चाललं होतं आणि दोन्ही मुलं तयारी न करता आलेली. मला हसू यायला हवं होतं. एरवी आलंही असतं.

"ती मागच्या बाकावरची मुलगी कशी वाटली?" सर म्हणाले.

शांतीभाऊंनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दोनच क्षण थांबले आणि म्हणाले, "खरं सांगू? ती व्यक्तिरेखा पुसट राहिलीय. लेखिकेने तिला न्याय दिलेला नाही."

"न्याय दिला नाही, म्हणता?"

"नाहीच. ती कोण, कुठली, पुढे तिचं काय झालं, काही कळत नाही. वाचक अधांतरी राहतो."

"बरोबर," शांतीभाऊ म्हणाले. "मी पण अधांतरी राहिलो."

"तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल तिचं?"

"झालं असेल लग्नबिग्न," डॉक्टर म्हणाले.

सर माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. "कुंदा, तुला काय वाटतं?"

नववीत रोहिणीच्या मागच्या बाकावर मी बसत होते. आता सांगून टाकते. भूमितीच्या पेपराला मी एका प्रमेयाची चिठ्ठी आणली होती, बोटभर लांब, फ्रॉकच्या पट्ट्यात खोचून. काढली, आणि त्याच वेळी व्हरांड्यात सरांच्या वहाणांचा आवाज आला. मला चिठ्ठी गिळता आली असती, खिडकीतून टाकता आली असती. मी ती पुढे सरकवली. रोहिणीने मागे वळूनही बघितलं नाही, हात मागे करून घेतली आणि आपल्या पेपराखाली दडपली. मैत्रीण होती माझी. दुसऱ्या मिनिटाला सर तिच्या बाकाशी उभे होते. मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, निकालाच्या दिवशी नाही, ती पुण्याला निघाली त्या दिवशीही नाही. तिची आई वारली तेव्हा ती दोन दिवस येऊन गेली. मी त्या दोन्ही दिवसांची डबल ड्यूटी मागून घेतली होती. पानं मी सरांसाठी कापली नव्हती. लेखात माझं नाव नव्हतं, पण सरांना वर्गातली बाकं पाठ होती, आणि आता तिची वाक्यं वाचून ते बाकं मोजत मागे येतील, ही माझी भीती होती.

"नोकरी लागली असेल तिला," मी म्हणाले.

"असेल," सर म्हणाले. "पास झाली म्हणजे लागलीच असेल. भूमितीत कच्ची होती का गं?"

"कच्ची होती."

"कच्ची नसावी. घाबरट असावी."

शांतीभाऊंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "हे भूमितीचं कुठे आलंय हो लेखात? माझ्या नजरेतून निसटलं बघा. द्या बरं अंक, तेवढा भाग पुन्हा वाचून काढू."

त्यांनी हात पुढे केला. डॉक्टरही पुढे सरकले, बहुधा आपलं वाचन यानिमित्ताने उरकून घ्यावं म्हणून. सरांनी शांतपणे आपला तळहात अंकावर ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "सगळ्यांचा वाचून झालाय ना? मग त्यातच कशाला घोटाळायचं. ऊन व्हायच्या आत निघू आज."

दोघांनाही सुटल्यासारखं झालं, ते त्यांच्या पाठी गठ्ठ्यांना टेकल्या त्यावरून कळलं. मला सुटल्यासारखं झालं नाही.

जुने अंक जपून ठेवायचं काम माझं. म्हणून जिना उतरल्यावर सरांनी अंक माझ्या हातात दिला आणि माझ्याबरोबर चालू लागले. भगवंताच्या देवळापाशी आल्यावर म्हणाले, "ब्लेड बोथट होतं का? शेवटच्या पानाची कड फाटलीय."

"सर, तुम्हाला त्रास नको म्हणून मी..."

"मला?" ते थांबले. "मला रोहिणीने अंक पहिल्या तारखेलाच पाठवला होता. आत एक चिठोरं. 'वाचावे' एवढंच लिहिलेलं."

कोपऱ्यावर रसवंती होती. चरकाचे घुंगरू वाजत होते. आम्ही बाकड्यावर बसलो आणि सरांनी दोन ग्लास सांगितले, एक बिनबर्फाचा. मी विचारलं, "तुम्हाला आता कळलं, की..."

"तेव्हाच. चिठ्ठी उलगडली तेव्हाच. दोन वर्षं तुझे त्रिकोण तपासत होतो मी. वरचा बिंदू तुला कधी मध्यावर काढता आला नाही, तो आपला डावीकडे कलंडायचा. त्या चिठ्ठीतही कलंडला होता."

"मग मला का नाही..."

"तुझी आई आदल्याच महिन्यात शाळेत आली होती. म्हणाली, पोरगी या वर्षी पास झाली तर शिकवते, नाही तर करमाळ्याचं स्थळ आलंय, उजवून टाकते. चाळिशीच्या घरातलं बिजवर स्थळ. तुला माहीत होतं का?"

मला माहीत होतं. त्याच्यापायीच चिठ्ठी आणली होती.

"चिठ्ठी सापडली माझ्या मुलीजवळ. नियम नियमाच्या जागी होता. मी म्हटलं, एकीचं वर्ष गेलं तर तिला दुसरं मिळेल. दुसरीला मिळणार नाही." ते रस प्यायले, ओठ पुसले. "हिशेब चूक नव्हता. अजूनही मला तो चूक वाटत नाही."

"पण तिला सांगायचं होतं, सर. घरी तरी."

"लगेच सांगितलं असतं तर ती पंधरा वर्षांची पोर, कुठे ना कुठे बोललीच असती. दोन-चार वर्षांनी सांगता आलं असतं. तू तोवर नोकरीला लागली होतीस."

"मग?"

सर ग्लासातल्या फेसाकडे बघत म्हणाले, "तोवर सत्कार सुरू झाले होते. पहिला हार घातला तेव्हा मी संकोचलो. दुसऱ्याला कमी. पुढे आवडायला लागलं मला ते. घरी येऊन हार खुंटीला लावायचो आणि रोहिणीची आई त्याच्याकडे बघायची. एकदा असा माणूस म्हणून नाव झालं की, अहो तसं नव्हतं हो, म्हणायचं कसं? तेवढं तिने बरोबर लिहिलंय. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं ते सांगितलं असतं, आणि मग मला ते ऐकावं लागलं असतं."

माझ्याने रस संपेना. त्या चिठ्ठीला बावीस वर्षं झाली होती. ती सगळी वर्षं मी या माणसासमोर बसत नव्हते, पण आठ वर्षं तर दर महिन्याला बसतच होते. पोहे खाऊन, लोकांच्या लेखांतले दोष काढून घरी जात होते. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी मला एकदाही ते जाणवू दिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला. लाज वाटायच्या आधी रागच आला, हे खरं.

"आता लिहा ना तिला," मी म्हणाले.

"काय लिहू? तुझं नाव न घालता ते लिहिता येत नाही. आणि तुझं नाव घालणं हे माझं काम नाही." ते उठले, धोतराचा सोगा झटकला. "पानं फाडू नकोस मात्र. बरं लिहिलंय तिने."

"तुम्ही हिरवी खूण नाही केली."

"माझ्या अंकावर केलीय," सर म्हणाले आणि उन्हातून निघून गेले.

पुढचे चार दिवस दुपारच्या ड्यूटीवर मी पत्र लिहीत होते. 'पाणपोई'च्या संपादकांना, पत्रव्यवहारासाठी. पहिल्या तीन कच्च्या पत्रांत सगळे सरच होते. सर किती थोर, सरांनी कसं एका गरीब मुलीला वाचवलं. वाचून बघितलं तर आणखी एक सत्काराचं भाषण. ती गरीब मुलगी कोण, हे तिन्हींत नव्हतं. चौथ्याचं पहिलं वाक्य लिहिलं, 'मे महिन्याच्या अंकातल्या लेखातली ती चिठ्ठी माझी होती,' आणि मग पुढचं आपोआप आलं. सरांनी चिठ्ठीतला माझा त्रिकोण ओळखला होता, हे लिहिलं. का गप्प राहिले, ते लिहिलं. शेवटी, मन साफ करायचंच आहे तर तळापर्यंत करावं म्हणून, आमच्या मंडळाच्या अंकातली सहा पानं मीच कापली होती, तेव्हा आमच्यापैकी कुणी तो लेख वाचला नसल्यास दोष माझा, हेही लिहिलं.

पाकिटात घालायच्या आधी ह्यांना वाचायला दिलं. त्यांनी सुपारी कातरत सगळं वाचलं. "म्हणजे पाककृती नव्हती ती," म्हणाले.

"नव्हती."

"पास झाली नसतीस तर त्या करमाळेकराची झाली असतीस."

"हो."

त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "खाली आडनाव अर्धंच का घातलंयस? पूर्ण घाल. अर्धवट नाव दिसलं की लोक चौकशी करत बसतात." आणि पाकिटाला डिंक त्यांनीच लावला.

जूनच्या अंकात पत्र आलं नाही. मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचा रागही आला. जुलैच्या अंकात आलं, पान अठ्ठ्याहत्तर, एक शब्दही न कापता. पोस्टाच्या पायरीवर उभी राहून मी ते वाचलं. खाली माझं नाव, आडनाव, बार्शी. एक्स्चेंजमधल्या मुली, शाळेतले जुने मास्तर, आमच्या गल्लीतल्या बाया, कुणीही वाचावं असं. अंक घरी नेला. ब्लेड खिडकीतच होतं. त्या आठवड्यात ते ह्यांच्या दाढीखेरीज कशाला लागलं नाही. पाचव्या दिवशी मी अंक डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन दिला आणि त्यांनी चहाला थांबा म्हटलं तरी थांबले नाही.

मग दोन आठवडे कुणाचा फोन नाही. एरवी डॉक्टर काहीतरी निमित्त काढून एक्स्चेंजला फोन करायचेच. शांतीभाऊंच्या दुकानावरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जायची. शेवटच्या रविवारी जाऊ नये असं ठरवलं आणि साडेआठला जिना चढले.

माडीवर तिघंही आलेले होते. पोह्यांबरोबर शिरा होता, बदाम घातलेला.

"आज शिरा?" मी विचारलं.

"सहज," शांतीभाऊ म्हणाले आणि माझ्या बशीत दोन डाव जास्त वाढले.

चर्चा झाली. एका प्रवासवर्णनाला डॉक्टरांनी फुली दिली होती. शांतीभाऊंना एक कथा आवडली होती आणि या वेळी त्यांनी ती खरोखर वाचली होती, पात्रांची नावंसुद्धा पाठ होती. सर नेहमीप्रमाणे कमी बोलले. सगळे लेख संपले, मग कथा, मग कविता. आता पत्रव्यवहार उरला होता. दर महिन्याला शांतीभाऊ त्याच्यापासून सुरुवात करायचे. आज त्यांनी अंकाचं मागचं टोक उघडलंसुद्धा नव्हतं.

मीच म्हणाले, "पत्रव्यवहार राहिला."

"पत्रव्यवहार?" डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसायला. "तो काय वाचायचा? मी तर कधीच उघडत नाही."

"मी पण नाही," शांतीभाऊ म्हणाले. "एक तर अक्षर बारीक. आणि तीच ती माणसं."

मी दोघांकडे बघितलं. दोघंही शिऱ्यात गर्क होते. दोन महिन्यांपूर्वी न वाचलेला लेख वाचला म्हणून शपथेवर सांगणारी ही माणसं आता वाचलेलं पत्र वाचलं नाही म्हणून सांगत होती, आणि या वेळीही त्यांना जमत नव्हतं. थोडं त्यांच्या स्वतःच्या अब्रूसाठी असेल. पण सगळं तेवढ्यासाठी नव्हतं. माझे डोळे भरून आले, तेव्हा मी शिरा फार गरम आहे असं म्हणाले. तो गार झालेला होता.

थोड्या वेळाने डॉक्टर इकडेतिकडे बघत म्हणाले, "कुंदाताई, तो मे महिन्याचा अंक आहे ना तुमच्याकडे? जरा द्याल का? एक संदर्भ बघायचाय."

"त्यांच्यानंतर मला," शांतीभाऊ म्हणाले. "संदर्भालाच."

"देते," मी म्हणाले. "पानं मी खळीने चिकटवलीयत. हळू उलटा."



सरांनी घड्याळ बघितलं आणि काठी घेतली. "मी आज लवकर निघतो. साडेदहाच्या पुणे गाडीने रोहिणी येतेय."

"कोण रोहिणी?" डॉक्टरांनी जरा घाईनेच विचारलं.

"माझी मुलगी. लिहिते ती."

"असं का! वा. वाचायला हवं एकदा."

"कुंदा, तूही चल," सर म्हणाले.

मला नको होतं. पण त्यांनी अंक उचलून माझ्या हातात दिला आणि जिन्याकडे वळले, तेव्हा मी चपला शोधायला लागले.

स्टँडवर गाडी अर्धा तास उशिरा होती. सर बाकड्यावर काठीवर हनुवटी टेकून बसले, आणि मला हाताला काहीतरी हवं म्हणून मी अंक उघडला. पान अठ्ठ्याहत्तर. पत्रांना खुणा करायचा आमचा नियम नाही. पण माझ्या पत्राशेजारी समासात निळ्या पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'थोडं पसरट आहे, पण प्रामाणिक आहे.' त्याखाली शिसपेन्सिलीत एकच शब्द होता, 'सहमत.' हिरव्या रंगाचं काहीच नव्हतं. मी वर बघितलं तर सर माझ्याकडेच बघत होते. "मी कुठे कधी पत्रांना खुणा केल्यात?" ते म्हणाले.

गाडी लागली. रोहिणी शेवटून तिसरी उतरली. केस पुढून पांढरे झाले होते आणि चालण्याची ढब हुबेहूब सरांची. ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली, हातातली बॅग तशीच धरून. तिने वाकून नमस्कार केला नाही आणि सरांनीही आशीर्वादाला हात उचलला नाही. कंडक्टर पुढच्या गाडीचं नाव ओरडत होता. सर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. तसे ते वर्गात टेबलाशी उभे राहायचे.

"रोही," त्यांनी विचारलं, "ती चिठ्ठी कुणाची होती गं?"

तिने बॅग खाली ठेवली. आधी सरांकडे, मग माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं.

"हिची," ती म्हणाली.